कूलर धडधडतो, पण मोटार बदलायची घाई नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूरकडचं गाव, टिनाचं घर, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला अठरा इंची पंख्याचा पत्र्याचा कूलर. पाच उन्हाळे त्याने नीट काढले. यंदा चालू केला की घूंऽ असा आवाज येतो, त्यात धडधड, खिडकीची जाळी झणझणते, आणि रात्री एक-दोनच्या सुमारास आवाज इतका चढतो की पलीकडच्या खोलीत मामाजी उठून बसतात. मेकॅनिक म्हणाला, मोटार गेली, नवीन टाका. टाकायची का?

आत्ताच टाकू नका. मूर्तिजापुरात माझं कूलर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. एप्रिल लागला की "काहून एवढा बोंबलते हा कूलर?" हे ऐकल्याशिवाय दिवस जात नाही, आणि खोलून पाहिलं तर बहुतेक मोटारी ठणठणीत निघतात. मोटार थोडीशीच थरथरते. ती थरथर पत्र्यात, स्टँडमध्ये, खिडकीच्या चौकटीत शिरते आणि तिथे तिचा आवाज होतो. काडी केवढीशी असते, पण डफड्यावर पडली की अख्खं गाव ऐकतं. नवीन मोटार त्याच जागी, त्याच ढिल्या नटांवर, त्याच मळक्या पात्यांसकट बसवली तर पैसे जातील आणि धडधड राहील.

पुढचं काही करण्याआधी एक गोष्ट पक्की ठेवा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं दगावतात. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय, आणि अर्थिंग नावापुरतं. तेव्हा आत हात घालायचा तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढून ती नजरेसमोर ठेवायची. कूलर चालू असताना पत्र्याला हात लावायचा नाही, लाकडी कोरडा दांडा वापरायचा. घरात 30 मिलिअँपिअरचा अर्थ लीकेजचा ब्रेकर (करंट बाहेर गळला की लाईन तोडतो तो) नसेल तर यंदा मोटारीच्या पैशात आधी तो बसवून घ्या, हे मी धंदेवाला असूनही सांगतो.

आता तपासणी. घर निजानीज झालं की कूलर पूर्ण वेगाने पाच मिनिटं चालू द्या. मग बटण बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत कान देऊन ऐका. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात निम्मा निकाल लागतो. बटण बंद करताक्षणी, पंखा अजून जोरात फिरत असतानाच आवाज एकदम तुटला, तर तो विजेचा आवाज: कंडेन्सर, रेग्युलेटर किंवा वाइंडिंग (मोटारीतल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी). पंखा मंद होत जाईल तसा आवाजही हळूहळू उतरत गेला, तर तो फिरणाऱ्या वस्तूचा: पाती, शाफ्ट (मोटारीचा दांडा), किंवा तो ज्यात फिरतो ते बुश किंवा बेअरिंग. आणि तिसरा प्रकार फार जण लक्षातच घेत नाहीत. पंखा मंद होताना मध्येच एका वेगावर अख्खा कूलर दोन-तीन सेकंद जोरात खडखडतो आणि त्याखाली वेग गेला की गप्प होतो. त्या वेगाची लय आणि पत्र्याची किंवा स्टँडची स्वतःची लय जुळते म्हणून ते होतं. अशा कूलरची मोटार बहुधा निर्दोष असते, बांधणी ढिली असते.

नंतर पुन्हा चालू करून लाकडी दांड्याच्या टोकाने पत्रा एकेका जागी दाबत चला: बाजूच्या गवताच्या ताट्यांच्या चौकटी, वरचं झाकण, समोरच्या झडपा, खिडकीची जाळी. जिथे दाबल्यावर आवाज बसतो ती जागा खडूने खूण करून ठेवा. तुमच्या जाळीचं झणझणणं यातच सापडेल असा माझा अंदाज आहे.

रात्री एक-दोनला आवाज का चढतो, याला गावात भुताखेतापर्यंत उत्तरं देतात. कारणं साधी आहेत आणि दोन्ही एकदम घडतात. पहिलं, व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, कूलर, वर पिठाची गिरणी, त्यामुळे डीपीवर ताण असतो आणि लाईन मरतुकडी असते. मध्यरात्रीनंतर बराच भार उतरतो, व्होल्टेज वर येतं आणि पंखा संध्याकाळपेक्षा जोरात फिरायला लागतो. दुसरं, पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. संध्याकाळी टाकी भरली तेव्हा कूलर चाळीस-पन्नास किलोने जड होता. मध्यरात्रीपर्यंत ते पाणी हवेत गेलं आणि कूलर हलका झाला. हलकी वस्तू त्याच हिसक्याने जास्त हलते, शिवाय तिची स्वतःची लय बदलते आणि ती कधीकधी नेमकी पंख्याच्या लयीत येऊन बसते.

यातलं कुठलं कारण तुमच्याकडे भारी आहे ते कळायला खर्च नाही. आवाज चढला की पिन काढा, दोन-तीन बादल्या पाणी ओता, पुन्हा चालू करा. धडधड लगेच बसली तर वजनाचा प्रश्न, म्हणजे कूलरखालच्या रबराचा आणि स्टँडचा. फरक पडला नाही, पण वेग एक पायरी खाली केल्यावर शांत झाला, तर वेगाचा आणि पात्यांच्या तोलाचा. पाणी टाकल्यावर धडधड तशीच राहून फक्त गुरगुर थांबली तर ती पंपाची होती. पाणी तळाला गेलं की पंप हवा ओढतो.

पात्यांवर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या भागात मुख्य दुखणं तिथेच असतं. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाण पट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यातलं बोअरचं पाणी कूलरमध्ये टाकलं की पाणी तेवढं उडून जातं आणि खार मागे राहतो. रोज वरून नवं पाणी, त्यात नवा खार. टाकीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही तर ते मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारं होतं. ताट्यांमधून सुटलेले बारीक तुषार पात्यांवर बसून वाळतात, त्यावर शेतातली धूळ चिकटते, आणि उन्हाळाभरात पात्याच्या मागच्या बाजूला पांढरट-करडा थर जमतो. तो तिन्ही पात्यांवर सारखा जमला असता तर बिघडलं नसतं. पण थराची खपली एका पात्यावरून निघून पडते, दुसऱ्यावर राहते, आणि तिथून तोल जातो.

किती वजनाने काय होतं ते आकड्यात सांगतो. मधोमध पासून 20 सेंटिमीटरवर फक्त 10 ग्रॅम जास्तीचा थर असेल आणि पंखा मिनिटाला 1400 फेऱ्यांचा असेल, तर तो शाफ्टला साधारण साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला 23 वेळा दिशा बदलून फिरते. तोच थर 900 फेऱ्यांच्या पंख्यावर असेल तर ओढ पावणेदोन-दोन किलोच्या आसपास राहते. म्हणून वेगाच्या पंख्याला घाण चालत नाही.

पंखा साफ करायचा तर तिन्ही पाती करा, नाहीतर हातच लावू नका. हाताला सापडलेलं एकच पातं पुसलं की धडधड उलट वाढते, आणि मग लोक म्हणतात साफ केल्यापासून बिघडला. पिन काढून पुढची जाळी उतरवा. शाफ्टवर पंखा कुठे बसलाय तिथे खडूची रेघ मारा. हबचा, म्हणजे पंख्याच्या मधल्या तुकड्याचा, स्क्रू सोडून पंखा अलगद ओढून काढा. गंजून बसला असेल तर ठोकू नका, शाफ्ट वाकतो आणि मग खरंच मोटार बदलावी लागते. गंजावर तेल सोडून रात्रभर ठेवा. थर काढायला किराण्यातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) कोमट पाण्यात विरघळवून कापड भिजवा, पात्यावर गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग नारळाच्या शेंडीने घासा आणि साध्या पाण्याने धुऊन काढा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ॲल्युमिनियमची पाती ते खातं आणि तोल कायमचा जातो.

पंखा हातात आहे तोवर तोल बघून घ्या. हबच्या भोकात घट्ट बसेल असा सरळ गोल रॉड घ्या, ढिला वाटला तर कागदाची पट्टी गुंडाळा. दोन स्टूल जवळ ठेवून त्यांच्या कडांवर एकेक स्टीलची पट्टी उभी बांधा, दोन्ही सारख्या उंचीला, आणि रॉडची टोकं त्यांवर ठेवा. पंखा हाताने हलकेच फिरवून सोडा. प्रत्येक वेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड. मग उरलेल्या दोन पात्यांच्या मागे, टोकाकडे, एम-सीलची हरभऱ्याएवढी गोळी चिकटवून पुन्हा सोडून पाहा. पंखा कुठेही सोडला तरी कुठेही थांबायला लागला की तोल जमला. एम-सील पूर्ण वाळल्याशिवाय पंखा चालवू नका, गोळी उडते.

परत बसवताना तीन पाती एका रेषेत फिरतात का ते पाहा. कूलरच्या चौकटीला एक तार अशी बांधा की तिचं टोक पात्याच्या टोकाला जेमतेम शिवत नाही. हाताने पंखा फिरवा. एक पातं तारेपासून दूर जातं आणि दुसरं तिला घासतं, असा तीन-चार मिलिमीटरचा फरक दिसला तर एक पातं वाकलेलं आहे. बहुतेक वेळा वाहतुकीत किंवा पोराने काठी घातल्यामुळे. पातं मुळाशी धरून हळूहळू सरळ करा आणि तोल पुन्हा पाहा. शेवटी पंख्याभोवतीच्या गोल कड्यापासून पात्यांचं अंतर चारही बाजूंना सारखं आहे ना ते बघा. एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला कागद जाईल एवढंच असेल तर मोटारीची पट्टी सरकली आहे, आणि पंखा हवा कापताना भुर्र भुर्र करणारच.

रबराबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की कुठलंही रबर, कुठेही घातलं की काम होतं. टायरचा जाड तुकडा पायाखाली घालतात आणि म्हणतात काही फरक नाही. फरक पडणारच नाही, कारण टायर इतकं कडक असतं की कूलरच्या वजनाने ते दबतच नाही. जे रबर दबत नाही ते थरथर जशीच्या तशी खाली पाठवतं. पाणी भरलेल्या कूलरखाली रबर किमान दोन, जमलं तर चार मिलिमीटर दबलं पाहिजे. शाळेच्या पट्टीने मोजा, रिकाम्या कूलरची उंची आणि भरल्यावरची. पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंदीचे चौकोन कापून आणा आणि चार-पाच थर एकमेकांवर ठेवून कूलरच्या चार कोपऱ्यांखाली द्या. मोठा सलग पट्टा अंथरू नका, त्यावर वजन पसरतं आणि तो दबत नाही. फार मऊही नको, कूलर उंच असतो, डोलायला लागला की पोरांच्या अंगावर येईल. हे रबर कूलर आणि स्टँड यांच्या मधे घालायचं. स्टँडच्या पायाखाली घातलं तर स्टँड मात्र कूलरबरोबर हलतच राहतं. स्टँड मातीवर असेल तर पायाखाली काही नको, फक्त चारही पाय टेकलेले हवेत.

मोटार ज्या पट्टीवर बसते तिथेही रबरी बुश असतात. ते पाच वर्षांत कडक होऊन तडकलेले असणार. नवे बसवताना नट आवळून आवळून रबर चपटं करू नका, तसं केलं की लोखंडाला लोखंड टेकल्यासारखंच झालं. रबर थोडं फुगेल एवढाच नट आवळा आणि त्यावर दुसरा नट चढवून कुलूप करा.

खिडकीकडे या. कूलरचं तोंड खिडकीत घुसवून आजूबाजूची फट पुठ्ठा आणि प्लायवूडने ठोकून बंद करतात, तसंच तुमच्याकडेही असेल. त्या प्लायवूडवरूनच थरथर चौकटीत, भिंतीत आणि जाळीत जाते. कूलर इंचभर मागे घ्या, त्याचा पत्रा ना चौकटीला शिवला पाहिजे ना जाळीला. फटीत जुन्या गोधडीची घट्ट वळी करून बसवा. हवा थांबते आणि थरथरही पुढे जात नाही. आणखी एक: मे महिन्यातल्या वादळाला भिऊन लोक कूलर तारेने छपराच्या अँगलला आवळून बांधतात. टिनाच्या घरात त्या तारेतून अख्खं छप्पर बोलायला लागतं. तार असेल तर सोडा, सुताची दोरी घ्या, आणि थोडी ढील ठेवा.

खडूने खुणा केलेल्या जागांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पुरतात. ताटीची चौकट जिथे बॉडीला टेकते तिथे पट्टी चिकटवा, कडी घट्ट बसू द्या. मोठा सपाट पत्रा मधोमध फडफडत असेल तर आतून एक आडवी लोखंडी पट्टी रिव्हेट करून घ्या, नाहीतर गाडीला लावतात ती डांबरी शीट मधल्या भागाला चिकटवा. सगळा पत्रा झाकायची गरज नसते.

ताट्यांचं गवत खाराने दगड झालं असेल तर ते बदलाच. पंख्याला मागून हवा मिळाली नाही की तो गुदमरतो आणि आवाज वाढवतो. हेच बंद खोलीचं. गारवा टिकावा म्हणून दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे खूप आहेत, त्यांना गारवाही मिळत नाही आणि घाम वेगळा. समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा, हवा निघाली की पंख्याचा सूरही उतरतो. पंप टाकीच्या पत्र्याला टेकलेला असेल तर त्याखाली स्पंजचा तुकडा ठेवा.

बटण बंद करताच आवाज तुटत असेल तर आधी रेग्युलेटर काढून मोटार सरळ लाईनवर चालवून पाहा, म्हणजे वायरमनकडून पाहून घ्या. छोटे गोल फिरवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापतात, त्याने मोटार गुणगुणते. कंडेन्सर कमजोर झाला तरी मोटार हुंकार देते आणि उशिरा वेग घेते. मोटारीवर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढाच टाका, मोठा टाकून मोटार जोरात फिरते ही दुकानातली अफवा आहे. आणि व्होल्टेज 170 वर आलं की सुरू व्हायची ताकद 230 च्या मानाने निम्म्याच्या थोडी वरच राहते. मोटार नुसती हुंकारते आणि फिरत नाही असं दिसलं की लगेच बंद करा, वाइंडिंग अशीच जळतात.

एवढं करून मोटार बदलायची वेळ कधी येते? पिन काढून शाफ्ट धरा आणि वर-खाली हलवा. खटखट असा खेळ जाणवला तर बुश किंवा बेअरिंग गेलं. तेही बहुतेक वेळा एकटं बदलता येतं. बेअरिंगवर 6201 किंवा 6202 असा नंबर असतो, जुन्यावरचा वाचून तोच आणा आणि कूलरच्या ओलाव्यात दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलाच घ्या. बुशच्या मोटारीला मशीनचं पातळ तेल दोन-तीन थेंब द्या. खोबरेल किंवा गोडेतेल देऊ नका, ते चिकट होऊन बुश धरतं. बुश किंवा बेअरिंग बसतं ती जागाच झिजली असेल, वाइंडिंगला जळका वास असेल किंवा बॉडीत करंट उतरत असेल तर मात्र मोटार नवीच.

तेव्हा दुकानात जाऊन नुसतं "अठरा इंची मोटार द्या" म्हणू नका. 1400 फेऱ्यांची आणि 900 फेऱ्यांची अशा दोन मिळतात. पंख्याचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने चढतो: तोच पंखा 1400 वरून 900 वर आणला तर आवाज साधारण 9-10 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जवळपास निम्मा. हवा मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. टिनाच्या घरात मे महिन्याच्या दुपारी ती हवा कमी पडेल, म्हणून तुमच्यासाठी मी दोन-तीन वेगांची, वाइंडिंगमधूनच वेग बदलणारी मोटार घ्या म्हणेन, दुपारी जोरात आणि रात्री मामाजींसाठी खालच्या वेगावर. घेताना जुना पंखा सोबत न्या. शाफ्टची जाडी हबशी जुळली पाहिजे, आणि मोटार फिरण्याची दिशाही पात्यांच्या वळणाशी. दिशा उलटी निघाली तर हवा खोलीत यायची सोडून ताट्यांतून बाहेर जाते, आणि आवाज मात्र पूर्ण होतो.